निर्यात वाढवणारी संस्था नेमकं काय करते? आणि कोकणाला आपली एक हवी का?

कातळावरची बाग (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात तालुक्याला निर्यातीवर एक कार्यशाळा झाली. हॉल भरलेला होता, भाषणं दोन तास चालली, आणि प्रश्नांना वेळच उरला नाही. माझा प्रश्न तसाच मनात राहिला, म्हणून इथे धागा काढतोय.

गेल्या मोसमात एका निर्यातदारामार्फत मी ७० पेट्यांचा माल दिला. चौदा आणे तयार फळ, नूतन झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या काढणीच्या साधनाने) देठासकट काढलेलं, फळ उलटं ठेवून चीक निथळू दिलेलं. त्यातल्या २२ पेट्या नाकारल्या गेल्या. कशामुळे? मी चार वेळा फोन केला. "क्वालिटीमध्ये बसला नाही" एवढंच उत्तर. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) होता का? फळमाशीचा डंख होता का? वजनात कमी पडला की सालीवर डाग होते? यातलं एक जरी कारण कळलं असतं तरी यंदा बागेत काय बदलायचं ते ठरवता आलं असतं. साका असेल तर काढणी लवकर करायची आणि झाडाखाली आच्छादन घालायचं. माशी असेल तर रक्षक सापळे वाढवायचे. दोन्हींचे उपाय वेगळे, खर्चही वेगळा.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. माल इकडून तिकडे न्यायला आपल्याकडे माणसं आहेत: दलाल आहेत, निर्यातदार आहेत, ट्रकवाले आहेत. तिकडची खबर इकडे आणून देणारं कोणी नाही.

२०१४ आठवतं का? युरोपीय संघाने १ मेपासून हापूस बंद केला, सोबत वांगी, अळू, कारली, पडवळही. आम्हा बागायतदारांना ही बातमी एप्रिलच्या अगदी शेवटी टीव्हीवर समजली. आमच्या पडवीत तेव्हा लंडनच्या पेट्या भरून तयार होत्या. वडिलांनी त्या गपचूप वाशीच्या गाडीत चढवल्या, आणि त्या वर्षीची पट्टी (दलालाकडून आलेला विक्रीचा हिशेब) बघून आठवडाभर घरात कोणी नीट बोललं नाही. नंतर वाचनात आलं की त्याआधीच्या वर्षी, २०१३ मध्ये, भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. २०७! पहिली खेप पकडली, दहावी पकडली, पन्नासावी पकडली, तेव्हा कोणी आमच्या गावात येऊन "तुमच्या फळात माशी निघते आहे, हे असंच चाललं तर दार बंद होईल" असं सांगितलं असतं तर?

आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. ती उठवायला अपेडा (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था), राज्याचं पणन मंडळ, कृषी खातं यांनी खरंच काम केलं, ते मान्यच. पॅकहाऊसची तपासणी कडक झाली, फळ ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवून पाठवायची पद्धत बसली. फलकांनी आणि प्रदर्शनांनी बंदी उठली नाही, ती त्या गरम पाण्याच्या टाकीने उठली. म्हणून विचारतो: अशी संस्था नेमकं काय करते, काय करायला हवं, आणि कोकणाची स्वतःची एक असावी का? अनुभव लिहा.

---

वेंगुर्ल्याची काजूवाली

दादा, धागा अगदी वेळेवर काढलात.

माझं छोटं काजू युनिट आहे, १४ बायका काम करतात. बी भाजणं, फोडणं, सोलणं, ग्रेडिंग सगळं इथेच. आपल्या भागात वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जातींचं बी चांगलं येतं, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. आयात-निर्यात कोड मी काढला. ऑनलाइन मिळतो, त्यात काही अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्या पुढचं.

तुमची खबर परत येत नाही. मला तर खबर मागायची कोणाकडे हेच कळत नाही. काजूची निर्यात परिषद १९५५ पासूनची, पण ती केरळात. अपेडा दिल्लीत, शाखा मुंबईत. पणन मंडळ पुण्यात. उद्योग खात्याचं काम जिल्हा उद्योग केंद्रात, ओरोसला. प्रत्येक ठिकाणची माणसं आपल्यापुरतं बरोबरच सांगतात. पण "ताई, तुमच्या डब्ल्यू ३२० ला अमुक देशात मागणी आहे, तिथे तुकड्याचं प्रमाण इतकंच चालतं, ओलावा इतकाच लागतो, पाकीट अमुक मापाचं घेतात" असं एका बैठकीत सांगणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३२० गर बसतात. आकडा जितका लहान तितका गर मोठा, आणि भाव जास्त.)

दोन वर्षांपूर्वी एका परदेशी "खरेदीदारा"ची मेल आली. महिन्याला एक कंटेनर हवा म्हणाले. कंपनीचं लेटरहेड, शिक्का, सगळं व्यवस्थित. आधी त्यांच्या देशात विक्रेता म्हणून नोंदणी करायची, त्याची फी भरायची. मी एका कार्यालयात मेल केली, की ही कंपनी खरी आहे का एवढंच बघून सांगा. उत्तर चार महिन्यांनी आलं, त्यात लिहिलं होतं की संबंधित विभागाशी संपर्क साधावा. तोवर मी ३८ हजार रुपये घालवले होते. माझ्या १४ जणींचा बोनस त्या वर्षी झाला नाही. मला कोणाचं अनुदान नको. त्या एका प्रश्नाचं दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं तर पुरे होतं.

---

गुहागर ते अँटवर्प

ताई, वाचून वाईट वाटलं. ही फसवणूक खूप ठिकाणी होते, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत त्याने दोन जण तरी वाचतील.

मी नऊ वर्षं अँटवर्पमध्ये आहे, बंदराच्या लॉजिस्टिक्समध्ये काम करतो. इथलं जे डोळ्यांनी बघतो ते सांगतो.

बेल्जियम म्हणजे केवढासा देश! महाराष्ट्राचा जेमतेम दहावा भाग. पण परदेशी व्यापार वाढवायचं काम इथे मुख्यतः प्रदेशांकडे आहे. फ्लँडर्सची वेगळी संस्था, वालोनियाची वेगळी, ब्रुसेल्सची वेगळी. फ्लँडर्सची जी आहे ती २००५ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून झाली: एक निर्यात बघायची, दुसरी परदेशी गुंतवणूक आणायची. दोन्ही कामं एका छपराखाली आणली, आणि मला यातलं मर्म इथे राहून हळूहळू कळलं. जो माणूस परदेशात बसून इथल्या कंपनीला गिऱ्हाईक शोधून देतो, त्यालाच तिथल्या कोणत्या कंपनीला युरोपात कारखाना टाकायचा आहे याचा वास आधी लागतो. ओळखी त्याच, गप्पा त्याच.

यांची माणसं जगभर बसवलेली आहेत, भारतातही. काम काय? इथला एखादा छोटा बिस्किटवाला किंवा यंत्रं बनवणारा विचारतो, "मला अमुक देशात विकायचं आहे, तिथे कोण घेतं, नियम काय, जकात किती?" सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. तिथला माणूस बाजार बघतो, खरेदीदारांची नावं देतो, भेटी ठरवून देतो. प्रदर्शनात एकत्र मांडव घालतात, छोट्या उद्योगांना जाण्यायेण्याच्या खर्चात मदत मिळते. बाहेरची कंपनी इथे यायची असेल तर जागा, परवाने, कामगार कायदे यांसाठी तिच्यासोबत फिरतात, आणि कंपनी आल्यावरही संपर्क सोडत नाहीत.

मोठी शिष्टमंडळंही असतात. मार्च २०२५ मध्ये बेल्जियमच्या राजकन्या अ‍ॅस्ट्रिड यांच्यासोबत ३०० हून जास्त लोक दिल्ली आणि मुंबईला येऊन गेले, तुम्ही बातमी वाचली असेल. पण फोटो निघतात ते त्या आठवड्यात. खरं काम आधीच्या वर्षभरात झालेलं असतं: कोणाला कोण भेटणार, कशासाठी, हे नावानिशी ठरलेलं असतं.

कातळावरची बाग, तुमच्या २०१४ वरून एक आठवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाने युरोपच्या फळांवर बंदी घातली. इथल्या पेअरच्या बागायतदारांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. लिंबर्गच्या बाजूला माझा एक सहकारी राहतो, त्याच्या सासऱ्यांची पेअरची बाग आहे. तेही तुमच्या वडिलांसारखेच आठवडाभर गप्प होते म्हणे. नंतर त्यांच्या संघटना, सरकार, व्यापारी मिळून एकेक नवा देश उघडत गेले. प्रत्येक देशाची किडींची यादी वेगळी, शीतगृहाचे नियम वेगळे. ती यादी त्या सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यांच्या भाषेत, एका पानावर.

---

कातळावरची बाग

फ्रीजवरचं ते एक पान! मला नेमकं हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

---

न्हावाशेवा गेट

मी क्लिअरिंग एजंटकडे १६ वर्षं आहे. मालाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण "परदेश" असा एकच देश असल्यासारखं आपण बोलतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

एकच हापूस. जपानला न्यायचा तर बाष्पाची प्रक्रिया, ४७.५ अंशांवर २० मिनिटं. जपानने वीस वर्षं आपला आंबा घेतलाच नव्हता, २००६ साली दार उघडलं. युरोपला गरम पाणी, ते वर आलंच आहे. अमेरिकेला विकिरण, म्हणजे फळावर किरणांचा मारा, मात्रा कमीत कमी ४०० ग्रे. अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं ते लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे, आता पणन मंडळाचं वाशीलाही आहे. त्यांचा निरीक्षक इथे येऊन उभा राहतो, त्याशिवाय माल हलत नाही. करोनात २०२० आणि २०२१ ला तो येऊ शकला नाही, तर दोन मोसम अमेरिका बंद. आखाताला यातलं फारसं काही लागत नाही, म्हणून आपला बहुतेक ओघ तिकडे. त्यात संयुक्त अरब अमिरातीशी मे २०२२ पासून मुक्त व्यापार करार लागू आहे.

म्हणजे कोणता आंबा कोणत्या देशाचा हे बागेत असतानाच ठरलं पाहिजे. फवारणीची नोंद, मँगोनेटवर (निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन यादीत) बागेची नोंदणी, सगळं आधी. वाशीला गाडी आल्यावर "चला, हा युरोपला पाठवूया" असं होत नाही.

कागदाचंही तेच. मे २०२५ मध्ये अमेरिकेने विमानतळांवर आंब्याच्या १५ खेपा अडवल्या, फळात कीड होती म्हणून नव्हे, प्रक्रियेच्या कागदात चूक होती म्हणून. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, तो तिथेच नष्ट करावा लागला. चांगलं फळ होतं हो. असा माल फेकला गेल्याचं ऐकलं की या धंद्यात असूनही पोटात कालवतं.

काजूवाल्या ताईंना एक: पैशांची जोखीम कमी करायला ईसीजीसीचा विमा असतो, सरकारी कंपनी आहे, १९५७ पासूनची. ते खरेदीदाराची पत तपासून मगच कव्हर देतात. तुम्हाला हवी ती चौकशी त्यातच होऊन जाते. हे कुठल्याच कार्यशाळेत नीट सांगत नाहीत.

---

शिरोड्याचो आजो

बाबांनू, माका येक सांगा. माझो आंबो वाशीक जाता, थंयसून खंय जाता ता देवाक म्हायत. पन्नास वर्सां झाली. दुबयच्या बाजारात माझ्या पेटयेर कोणाचा नाव आसता?

---

कातळावरची बाग

आजोबा, तुमचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांतला आंबा "हापूस" म्हणून विकता येतो. त्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. तुमची नोंद नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, फॉर्म भरून द्यायला मी शिरोड्याला येतो. दुसऱ्या राज्यातलं फळ आपल्या नावाने खपतं ते थांबवायचं तर आधी आपली नावं कागदावर हवीत.

---

सड्यावरून (राजापूर)

सगळे निर्यातीवर बोलताय, मी गुंतवणुकीवर बोलतो. आमच्या तालुक्याने त्यासाठी खूप सोसलंय.

गुहागरला एन्रॉनचा वीज प्रकल्प आला तेव्हा मी शाळेत होतो. करार झाला, वाद झाला, वीज महाग पडली, २००१ मध्ये प्रकल्प बंद. मग नाणारची रिफायनरी. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको या तेल कंपनीबरोबर दिल्लीत करार झाला, तो आम्ही पेपरात वाचला. ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची गुरं चरतात, ज्याच्या कडेने आमच्या कलमांच्या बागा आहेत, त्या सड्याचं काय होणार हे आम्हाला पेपरवाल्याने सांगितलं. २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. नंतर रिफायनरीसाठी बारसूची जागा. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाला माणसं आली तेव्हा आमच्या आया-बहिणी उन्हात कातळावर झोपल्या होत्या. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं आहेत.

मी उद्योगाच्या विरोधात नाही. माझा मुलगा इंजिनियर होऊन पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो, त्याने इथे राहावं असं मला वाटत नाही का? पण कातळावरची बाग म्हणतात ना, की तिकडची खबर इकडे येत नाही. तशीच इकडची खबर तिकडे जात नाही. अरामकोला कोणी सांगितलं होतं का, की हा नकाशावर पडीक दिसणारा सडा पावसाळ्यात झरे भरतो? त्या झऱ्यांवर खालच्या वाड्यांच्या विहिरी चालतात? गुंतवणूक आणणाऱ्या संस्थेला आधी आमचा सडा माहीत हवा. मग तीच परदेशी कंपनीला सांगू शकेल: इथे हे नको, पण पल्पचा कारखाना, काजूच्या टरफलाचं तेल, कोकमावर प्रक्रिया, शीतगृह, यासाठी या. अन्नप्रक्रियेत परदेशी गुंतवणुकीला परवानगी घेत बसावं लागत नाही, शंभर टक्के खुली आहे. मग असले लोक आमच्या दारात का येत नाहीत? कोणी बोलवायलाच गेलं नाही म्हणून.

---

गुहागर ते अँटवर्प

राजापूरकर, मान्य. मी गुहागरचाच, एन्रॉनची ती चिमणी बघतच मोठा झालो. इथेही मोठ्या कारखान्यांवरून गावं पेटतात, न्यायालयात जातात. तेव्हा इथे सगळं गोडीगुलाबीने चालतं असं समजू नका. पण कोणत्या जागेवर काय चालेल याचे आराखडे आधीच लोकांसमोर मांडावे लागतात, त्यामुळे भांडण निदान लवकर सुरू होतं, करार झाल्यावर नाही.

---

मिरकरवाड्याची पोर

मासळीवाले कोणी लिहीनात, म्हणून मीच लिहिते. बाबांची ट्रॉलर आहे, मी एका मासळी प्रक्रिया कंपनीत क्वालिटीला आहे. म्हाकूल, बळा, सुरिमीला (माशाच्या मांसाच्या लगद्याला) लागणारी राणी मासळी, हे सगळं रत्नागिरीतून बाहेर जातं हे रत्नागिरीतच फार जणांना माहीत नाही.

आमच्याकडे मासळीच्या निर्यातीसाठी केंद्राची एमपीईडीए आहे, १९७२ पासून, कोचीला. त्यांचं काम मी जवळून बघते आणि चांगलं मानते. पण खबर पोचायचं दुखणं आमच्याकडेही आहे. २०१८ पासून अमेरिका आपली समुद्रातली, जाळ्यात पकडलेली कोळंबी घेत नाही. कारण ट्रॉलच्या जाळ्यात कासवं अडकतात, आणि कासव बाहेर पडायची चौकट आपण जाळ्यात बसवत नाही. कोचीच्या संशोधन संस्थेने आपल्या जाळ्याला बसेल अशी चौकट बनवली आहे. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की अमेरिकेला आपली कोळंबी आवडत नाही, त्यांना आंध्रची तळ्यातलीच आवडते. इतकी वर्षं बंदरावर कोणी त्यांना खरं कारण सांगितलं नव्हतं.

वेळासला आपली माणसं कासवाची अंडी जपतात, रात्री जागतात. तीच कासवं आपल्याच जाळ्यात मरावीत आणि त्यापायी आपलीच कोळंबी बंद व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं. बाबा आता म्हणतात, "चौकट लावली तर मासळी किती सुटेल ते एकदा माझ्या जाळ्यात दाखवा, मग लावतो." त्यांचं म्हणणं रास्तच आहे. ते त्यांच्याच बोटीवर येऊन दाखवायला कोणीतरी हवं.

---

वेंगुर्ल्याची काजूवाली

न्हावाशेवा गेट, ईसीजीसीबद्दल मनापासून आभार. काल फोन केला, माहिती नीट दिली. कोणत्या खरेदीदारासाठी काय कागद लागतात ते लिहून घेतलंय.

अजून एक कळलं. जिल्ह्यांना निर्यात केंद्र बनवायची योजना २०१९ ची, त्यात प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली निर्यात समिती असते. म्हणजे वेगळी संस्था उभी राहीपर्यंत एक दार आहे. मी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारलं की पुढच्या बैठकीत छोट्या प्रक्रियावाल्यांना बसता येईल का. साहेबांनी लेखी अर्ज द्या म्हटलं. मसुदा खाली देते, दुरुस्त्या सुचवा.

"नाकारलेल्या प्रत्येक खेपेचं कारण मराठीत, १५ दिवसांच्या आत, उत्पादकाला कळवावं. परदेशी खरेदीदाराची खातरजमा करून देण्यासाठी जिल्ह्यात एक माणूस नेमावा. परदेशी गुंतवणुकीचा कोणताही प्रस्ताव आला तर समितीच्या बैठकीआधी संबंधित ग्रामपंचायतीला लेखी कळवावा."

---

सड्यावरून

तिसरं वाक्य असं करा: "ग्रामपंचायतीला" नको, "ग्रामसभेला" करा. सरपंचाच्या कपाटात राहणारी पत्रं आम्ही खूप पाहिली.

---

कातळावरची बाग

ताई, मसुदा पक्का. माझ्यासोबत आमच्या वाडीतले अकरा बागायतदार सही करतील. निर्यातदाराला मी आज पुन्हा फोन केला आणि सरळ सांगितलं की २२ पेट्यांचं कारण अर्जात लिहायचं आहे. त्यांनी पॅकहाऊसची नोंद काढली. १९ पेट्यांत साका, तीनमध्ये वजन कमी. माशी एकाही पेटीत नाही.

म्हणजे यंदा सापळ्यांवर जास्तीचा खर्च नको, वरच्या कातळावरच्या ४० कलमांना गवताचं आच्छादन घालायचं आणि तिथली काढणी उन्हं चढायच्या आत उरकायची. गवत उद्याच सांगून ठेवतो.

शुक्रवारी शिरोड्याला आजोबांचा फॉर्म भरायला जातोय. वाटेत वेंगुर्ल्याला थांबतो, अर्जाची प्रत तयार ठेवा.